गुंडेरावांची माधुकरी

मुलांना कंटाळा येतो ही गोष्टच गुंडेरावांना मान्य नव्हती. मुलांना ताप येतो, गोवर येतो, फार तर शाळेतून तक्रार येते. कंटाळा कुठून येणार?

गाणगापुरात दत्ताच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर त्यांचा लॉज होता. वर आठ खोल्या, खाली स्वतःचं घर. महाराष्ट्रातून येणाऱ्या भक्तांना त्यांनी गेली तीस वर्षं पाण्याविना, विजेविना आणि एका दत्तजयंतीला तर चक्क गाद्यांविना हसतमुख ठेवलं होतं. असल्या माणसाला दोन नातवंडं रमवायची म्हणजे हातचा मळ!

"तू निवांत जा," त्यांनी बायकोला सांगितलं. राजूबाईंच्या बहिणीकडे अफजलपूरला नातवाचं बारसं होतं आणि सकाळच्या बसनं त्यांना निघायचं होतं. "पन्नास पन्नास माणसं सांभाळलेला गडी हाय मी. ही तर दोन चिल्लीपिल्ली."

"त्यास्नी तुमी कुठं सांभाळताव? देव सांभाळतोय," राजूबाई म्हणाल्या. "आन् पोरांच्या हाती मोबाइल देऊ नगा. उन्हात सोडू नगा. रेणुका दुपारी यायलीय. आल्या आल्या पयलं तेच इचारंल."

"न्हाई देत."

"शेवटचा दिस हाय. ध्यानात हाय नव्हं?"

गुंडेरावांच्या ते चांगलंच ध्यानात होतं. रेणुका त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याला नोकरी करणारी. मागच्या उन्हाळ्यात तिची पोरं, म्हणजे अकरा वर्षांचा बालाजी आणि आठ वर्षांची मंजुश्री, आठवडाभर आजोळी राहिली आणि परत जाऊन आईला म्हणाली, तिथे फार बोअर होतं. या खेपेला पोरांना सोडतानाच रेणुकानं सांगून टाकलं होतं, "अप्पा, यंदा पण कंटाळली तर पुढच्या सुट्टीत मी त्यांना शिबिराला घालणार. पोहणं, मातीकाम, रोबोट, काय काय शिकवतात तिथं." गुंडेराव तोंडावर हसले, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. वर्षातून आठ दिवस घरात पोरांचा आवाज असायचा. तेवढेही गेले तर उरलेलं वर्ष कशाच्या आशेवर काढायचं? लॉजात माणसं पुष्कळ होती, पण त्यातलं कुणी त्यांना आजोबा म्हणत नव्हतं.

आतापर्यंतचे दिवस राजूबाईंनी निभावले होते. पोरांकडून शेवया वळून घेतल्या, पापड लाटून घेतले, शेजारच्या रुद्रम्माच्या म्हशीचं बारसंसुद्धा करून झालं. आज गुरुवार, आणि आज गुंडेरावांची पाळी.

राजूबाईंची बस वळणाआड गेली न गेली तोच मंजुश्री कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"आजोबा, आता काय?"

गुंडेरावांनी मोठ्या ऐटीत चिंचोक्यांचा डबा काढला. "ह्याच्यावर आमी दिस दिस काढायचो," ते म्हणाले. बालाजीनं नियम ऐकून घेतले, एक डाव खेळला, तो जिंकला आणि म्हणाला, "याच्यात पुढची लेव्हल काय आहे?"

पुढची लेव्हल नव्हती.

मग गोष्ट. एक राजा होता म्हटल्याबरोबर मंजुश्रीनं त्याचं आडनाव विचारलं. गुंडेरावांना काही सुचेना आणि राजा तिथंच वारला. मग त्यांनी दोघांना लॉजच्या जादा किल्ल्यांचा जुडगा पुसायला दिला. किल्ल्या लख्ख झाल्या, पण पुसायला सोपं जावं म्हणून पोरांनी त्या कडीतून काढल्या होत्या. आता कुठली कुठल्या खोलीची, ते फक्त दत्ताला ठाऊक होतं.

"आजोबा, आता काय?"

गुंडेरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अजून धड अकराही वाजले नव्हते. गाद्यांविना काढलेली ती दत्तजयंती त्यांना आता फार सोपी वाटू लागली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तीन नंबरच्या खोलीतल्या सुधारानीबाई खाली उतरत होत्या. बार्शीच्या, पहिल्यांदाच आलेल्या, हातात झाकलेलं पातेलं. मागून त्यांचे यजमान चपात्यांचा डबा घेऊन. गुंडेरावांनी सवयीनं हात जोडले आणि लॉजात उतरणाऱ्या प्रत्येकाला तीस वर्षं ऐकवलेलं तेच वाक्य ऐकवलं.

"ताई, एक ध्यानात ठेवा. बाराच्या सुमाराला दत्तमहाराज माधुकरी मागायला निघतात. कुठल्या रूपात येतील ते सांगता यायचं नाही. झोळी घेऊन कुणीही पुढं आलं, तरी नाही म्हणायचं नाही."

सुधारानीबाईंच्या अंगावर काटा आला. तो सगळ्यांच्याच अंगावर यायचा. त्या गेल्यावर बालाजी म्हणाला, "म्हणजे इथे कोणीही भीक मागतं?"

"भीक न्हाई रे. माधुकरी," गुंडेराव म्हणाले. "इथं डाक्टर मागतो, वकील मागतो. मोठमोठे लोक सोवळं नेसून, झोळी घेऊन पाच घरं फिरतेत. मागणारा लहान न्हाई आन् देणारा मोठा न्हाई."

मंजुश्रीचे डोळे चमकले. "आपण खेळू या?"

आणि गुंडेरावांचं नशीब उघडलं. निदान त्यांना तरी तसं वाटलं.

पाच घरं म्हणजे घरातलीच पाच दारं ठरली: स्वयंपाकघर, देवघर, माजघर, कोठीची खोली आणि न्हाणीघर. पोरांच्या गळ्यात पंच्यांच्या झोळ्या आल्या. पोरं साधू, गुंडेराव गृहस्थ. पण एकच गृहस्थ पाच घरांत कसा असेल? मंजुश्रीला ते पटेना. मग प्रत्येक दारात गुंडेरावांनी वेगळा माणूस व्हायचं ठरलं. स्वयंपाकघरात टोपीवाले, देवघरात उघडबंब, माजघरात मफलर गुंडाळलेले, आणि कोठीच्या दारात पदर घेतलेल्या काकू. पोरं एका दारातून निघाली की मागच्या बोळातून पळत जाऊन पुढच्या दारात उभं राहायचं, मूठभर शेंगदाणे झोळीत घालायचे आणि पुन्हा पळायचं. न्हाणीघराच्या दारात दिलेली बिस्किटं मंजुश्रीनं नाकारली, कारण शेजारी संडास होता.

पोरं खिदळत होती! गुंडेराव घामानं निथळत होते, धाप लागली होती, पण 'आता काय' हे शब्द घरातून हद्दपार झाले होते. येऊ दे आता रेणुकाला, ते मनात म्हणाले. रोबोट म्हणे!

काही फेऱ्यांनी शेंगदाणे संपले. "आता उलटं," बालाजी म्हणाला. "आम्ही घरवाले. तुम्ही साधू."

इथं जरा थांबायला हवं होतं. पण यशाच्या नादात शहाणा माणूस थांबत नाही, आणि गुंडेराव तर नाहीच नाही.

एका भक्तानं खोलीत विसरलेली भगवी छाटी त्यांना नेसवण्यात आली. गळ्यात पंच्याची झोळी, कपाळभर भस्म. मग मंजुश्री दोन पावलं मागं सरकून म्हणाली, "खरे वाटत नाहीत. दाढी हवी." देवघरात वातींचा कापूस होता. डिंक वाळून दगड झाला होता, म्हणून बालाजी कोठीतून काकवीची बरणी घेऊन आला. गुऱ्हाळावरची, नव्या उसाची, मधासारखी दाट. गुंडेरावांच्या गालांना, हनुवटीला आणि भरघोस मिशांना ती यथेच्छ चोपडली गेली आणि वर कापूस बसला. तो असा बसला, की जन्मतःच तिथं असावा.

"आता चष्मा द्या," मंजुश्रीनं हात पुढं केला. "साधूला चष्मा नसतो."

"अगं, मला दिसत न्हाई त्याच्याबिगर."

"आणि मोबाइल पण द्या. साधूकडे मोबाइल नसतो."

खेळ म्हटल्यावर नियम आले. गुंडेरावांनी दोन्ही दिलं.

"चपला?"

त्याही दिल्या.

"साधू घरातून येतो का?" बालाजी म्हणाला. "बाहेर जा. आम्ही पाच घरं मांडतो आणि हाक मारतो." त्यानं आजोबांना उंबऱ्याबाहेर नेलं, दार लावलं आणि खेळात व्यत्यय नको म्हणून आतून कडी घातली. मग उकडतंय म्हणून कूलर लावला. तो कूलर सुरू असला की शेजारच्या खोलीत विमान उतरतंय असं वाटायचं.

पोरांनी पहिली दोन घरं खरोखरच मांडली, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तिसरं घर मांडताना ओट्यावरचा मोबाइल आपणहून उजळला. मग घरं राहिली बाजूला.

बाहेर गुंडेराव उभे होते. मे महिन्यातलं गाणगापूर, बाराचं ऊन आणि उंबऱ्याबाहेरची शहाबादी फरशी. आधी ते एका पायावर उभे राहिले, मग दुसऱ्या. मग त्यांनी दार वाजवलं. "बाळू! मंजू! उघडा रे!" आतून विमानाचा आवाज आला.

मागच्या दारानं जावं असं ठरवून ते सावली-सावलीनं, उड्या मारत बोळाकडे निघाले. चष्म्याविना त्यांना माणसं म्हणजे रंगाचे ठिपके दिसत होते. बोळाच्या तोंडाशी एक हिरवा ठिपका एकदम पुढं आला आणि पायांवर कोसळला.

"महाराज, आलात तुम्ही!"

आवाज बार्शीचा होता.

"ताई, मी... म्हंजे मी ते न्हाई," त्यांनी आवाज जाड करून सांगितलं.

"ते असंच म्हणतात, हेही ठाऊक आहे मला," सुधारानीबाई पाय न सोडता म्हणाल्या. "लॉजवाल्या काकांनी सांगितलंय. कुणीही आलं तरी नाही म्हणायचं नाही. तुम्ही पण नाही म्हणू नका, महाराज. सकाळपासून कुणीच घेतलं नाही माझ्या हातचं."

आता आली का पंचाईत! तीस वर्षं लोकांच्या अंगावर काटा आणणारं ते वाक्य आज फिरून मालकाच्याच अंगावर आलं होतं. घ्यावं तर खोटेपणा, न घ्यावं तर बाई आयुष्यभर रडेल की दत्तानं माझी भाजी नाकारली. गुंडेरावांनी झोळी पुढं केली. दोन चपात्या, भरल्या वांग्याची भाजी, शिरा.

"सुखी राहा," ते म्हणाले. "लॉजात काही त्रास तर न्हाई ना?" हे त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

सुधारानीबाईंनी पुन्हा हात जोडले. महाराजांना लॉजाचंही ठाऊक! "तुमच्यापासून काय लपवायचं," त्या हळूच म्हणाल्या. "माणूस गोड बोलतो हो तो. पण उशा अगदी दगडासारख्या. आणि चादरीला तर मागच्या माणसाचा वास येतो."

"कठीण उशीवर झोप सात्त्विक लागते," महाराज तुटकपणे म्हणाले आणि निघू लागले.

पण निघणार कुठं? एकानं दिलं म्हटल्यावर मागं दहाजण उभे. कुणी पुरणपोळी, कुणी मसालेभात, कुणी केळं. झोळी भरली, तशी गल्लीतली चार कुत्री वास घेत मागं आली. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात हे कुणाला सांगायला लागत नाही. एका आजोबांनी मोठ्यानं मोजली, "एक, दोन, तीन, चार," आणि रस्त्यावरच लोटांगण घातलं. दाढीतली काकवी उन्हानं पातळ होऊन गळ्यावर ओघळायला लागली, त्यावर माश्या बसायला लागल्या. महाराज त्या हाकलतसुद्धा नाहीत, काय हे वैराग्य, असं कुणीतरी म्हणालं. महाराजांचे दोन्ही हात झोळीत अडकले होते.

इकडे घरात मोबाइल वाजला. अफजलपूरहून राजूबाई. मंजुश्रीनं उचलला.

"पोरी, तुझ्याकडं कामून फोन? आजोबा कुठं हायत?"

"बाहेर भीक मागायला गेलेत."

बारशाच्या घरात फोन स्पीकरवर होता, कारण राजूबाईंना तो दुसऱ्या रीतीनं कसा लावायचा हे माहीत नव्हतं. पाळण्याभोवतीचं गाणं थांबलं.

"काय मागायला?"

"भीक. म्हणजे माधुकरी. पण आता बराच वेळ झाला. अजून आले नाहीत." आणि मोबाइलवरचं कार्टून अर्धवट राहिलं होतं म्हणून तिनं फोन ठेवून दिला.

पुढं अफजलपुरात काय झालं त्याचा तपशील नको. बाळाचं नाव ठेवायचं राहिलं आणि भाड्याच्या जीपमध्ये बसायला जागा पुरली नाही, एवढं पुरे.

रस्त्यावर आता रांग लागली होती. रांगेत गुरुशांतप्पाही होते. हे शेजारच्या लॉजाचे मालक, घरी कन्नड बोलणारे, गुंडेरावांचे जुने दोस्त आणि धंद्यात जुनेच वैरी. आपली पाळी आल्यावर त्यांनी भाविकपणे महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. ठेवलं, ते काही उचलेनात. डोळ्यांसमोर उजव्या पायाचा अंगठा होता, काळानिळा, नख अर्धं गेलेला. गेल्या महिन्यात गुंडेरावांच्या स्वतःच्याच लॉजाची पाटी पडून तो तसा झाला होता, आणि अख्ख्या गल्लीनं त्यावर हळद लावायचा सल्ला दिला होता.

"येन री गुंडेराव," गुरुशांतप्पा खालूनच पुटपुटले. "काय हो हे? तुमीच का?"

"हळू बोला," दाढी कुजबुजली. "दार लावलंय पोरांनी. मला घरात घाला कसंबी करून."

"नवस बोललाव काय?"

नवस! हे आपल्याला कसं सुचलं नाही? गाणगापुरात झोळी घेतलेल्या माणसाला नवसापेक्षा चांगलं कारण असूच शकत नाही. गुंडेरावांनी जोरात मान हलवली. "व्हय, व्हय. नवस."

पण गुरुशांतप्पा मनानं चांगले, आणि आवाजानं त्याहून मोठे. ते उभे राहिले आणि रांगेकडे वळून म्हणाले, "ऐका हो! हे आमचे गुंडेराव अण्णा. स्वताचा आठ खोल्यांचा लॉज हाय. तरीबी बघा, नवसाखातर अनवाणी झोळी घेऊन उभे. असला मानूस आमच्या शेजारी ऱ्हातो, आन् आमाला ठाऊक न्हाई!"

लोकांनी माना डोलावल्या. दत्त नाही तर नाही, पण भक्त तर आहे. फक्त एका हिरव्या ठिपक्यानं तोंडाला पदर लावला. "म्हणजे उशा..." असा बारीक आवाज आला आणि तो ठिपका यजमानांच्या मागं गेला.

"पण नवस कशाचा, अण्णा?" रांगेतून कुणीतरी विचारलं. घोळक्याला तेवढंच हवं होतं. लॉज चालत नसेल, एक म्हणाला. दुखणं असेल, दुसरा म्हणाला. शेजारच्या रुद्रम्मा तेवढ्यात म्हशीला पाणी पाजायचं सोडून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लेकीचं काहीतरी असंल. पोरगी नवऱ्याबिगर आल्ती औंदा."

एवढ्यात जीप आली. थांबायच्या आधीच तीतून राजूबाई उतरल्या. मागं बहीण, बहिणीचे व्याही आणि बाळंतीण सोडून बाकी सगळं बारसं.

"अवं! काय कमी केलं व मी?" राजूबाईंनी रस्त्यातच हंबरडा फोडला. "दुरडीभर भाकरी ठेवून गेलते! पिठलं ठेवलंतं! एक दिस बाहेर गेले तर झोळी घिऊन दारोदार? आन् हे तोंडाला काय लावलंय? माश्या कामून बसायल्यात?"

"अगं, हळू..."

"लोक काय म्हणतील? बायको जेवाय घालत न्हाई म्हणतील!"

"न्हाई वयनी, नवस हाय," गुरुशांतप्पा मदतीला धावले.

"कशाचा नवस? मला न सांगता?"

आता सगळी गल्ली गुंडेरावांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी लॉजवाल्याच्या बुद्धीला ताण दिला. गुडघेदुखी सांगावी, तर राजूबाई उद्याच दवाखान्यात नेतील. लॉज सांगावा, तर गुरुशांतप्पा खूश होतील. लेकीचं म्हणावं, तर रुद्रम्मा संध्याकाळपर्यंत घटस्फोट करून टाकतील. एकही खोटं धड बसेना. घोळक्याच्या मागं एक रिक्षा थांबली, लाल बॅग घेतलेला एक ठिपका उतरला. गुंडेरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पाय भाजत होते, गळ्यावरून काकवी ओघळत होती, आणि अशा वेळी माणसाकडे खरं बोलण्याशिवाय काही उरत नाही.

"पोरांसाठी," ते म्हणाले.

"कसलं पोरांसाठी?"

"कंटाळायला नकोत म्हणून." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "रेणुका म्हणालीय, कंटाळली तर पुढल्या साली शिबिराला घालीन. मग ती येणार न्हाईत. एकदा सवय मोडली की मोडली. मला रोबोट येत न्हाई, मातीकाम येत न्हाई. गोष्टीतल्या राजाचं आडनावसुद्धा येत न्हाई. पुढल्या उन्हाळ्यात पोरं यावीत, एवढंच मागायलोय दत्ताला. दुसरं काय मागू?"

कुत्रीसुद्धा खाली बसली. मग लाल ठिपका घोळक्यातून वाट काढत जवळ आला आणि अगदी ओळखीच्या आवाजात म्हणाला, "अप्पा?"

गुंडेरावांनी डोळे बारीक करून पाहिलं. त्यांना वाटलं, भुई फाटावी आणि झोळीसकट आत जावं.

"हे काय केलंत अप्पा?" रेणुका म्हणाली. तिला हसायला येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही एकदम थांबवणं तिला जमेना. तिनं पदरानं बापाच्या गालावरची काकवी पुसायचा प्रयत्न केला. पदर तिथंच चिकटला.

तेवढ्यात दार उघडलं. चार्जिंग संपलं होतं. बालाजी उंबऱ्यात आला, समोर गर्दी, जीप, कुत्री आणि आईला पाहून त्यानं मोबाइल पाठीमागं नेला.

"काय रे, कंटाळलात?" रेणुकानं विचारलं. गुंडेरावांनी श्वास रोखला.

"छे! आज तर फुल धमाल," बालाजी म्हणाला. "आजोबा पाच माणसं होऊन पळत होते. एक तर काकू होते! पुढच्या वर्षी पण येणार आम्ही. आणि पूर्ण सुट्टी."

"आणि आजी फोनवर किती ओरडली!" मंजुश्री मागून म्हणाली. मग तिला कळलं की हे बोलायचं नव्हतं.

रेणुकानं फोनकडे पाहिलं. मग बापाकडे. दाढी, भस्म, माश्या, झोळीतून गळणारी वांग्याची भाजी. तिनं एक मोठा श्वास घेतला आणि फोनबद्दल चकार शब्द काढला नाही. "येतील अप्पा," ती म्हणाली. "शिबिराचं राहू द्या."

गुंडेरावांना एवढा आनंद त्यांच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथं झोळीतला शिरा वाटून टाकला. सुधारानीबाईंनाही दिला. त्यांनी मान खाली घालून घेतला.

आणि इथं ही गोष्ट गोड संपली असती. पण गल्लीत रुद्रम्मा होत्या.

"देव पावला, लई चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "पण अण्णा, नवसाची झोळी एका दिसात उतरत न्हाई. पाच दिस धरावी लागते. आमच्या सासूनं धरल्ती."

"अवो पण..." गुंडेराव म्हणाले.

"पण बिन काय न्हाई," राजूबाई म्हणाल्या. "समद्या गावासमोर बोललाव. नातवंडांच्या नावानं बोललाव. अर्ध्यात सोडलं आन् पोरांचं काय वाईट झालं म्हंजे? बारसं मोडून आलेय मी."

याच्यापुढं कुणाची टाप होती? संध्याकाळी खोबरेल तेल लावून दाढी काढण्यात आली. तिच्याबरोबर उजवीकडची अर्धी मिशीही आली, म्हणून मग डावीकडचीही काढावी लागली. सुधारानीबाईंशी दोन शब्द बोलून राजूबाईंनी वरच्या खोल्यांत स्वतः जाऊन नव्या उशा ठेवल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि गुंडेरावांनी विचारलं नाही.

रेणुकाची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. दुपारी गुंडेराव पुन्हा छाटी नेसून, भस्म लावून, बिनमिशीचं तोंड घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. बाहेर फरशी तापली होती. चारही कुत्री वेळेवर येऊन बसली होती. पण मनातून गडी खूश होता. आज तर पोरं बरोबर असणार, पाचही घरं मिळून फिरू, मंजूला पुढं करू.

"चला रे," त्यांनी आत हाक मारली. "झोळ्या घ्या."

कूलरसमोर दोघं आडवी पडली होती. बालाजीनं मानसुद्धा वर केली नाही.

"काल खेळलो की तो खेळ, आजोबा. आज तोच बोअर होतो. तुम्ही या जाऊन."

गुंडेरावांनी एकट्यानंच झोळी गळ्यात घातली. मग मंजुश्री उठली, दारापर्यंत आली, आणि त्यांना वाटलं, ही तरी येतेय. ती समोर उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला.

"साधूकडे मोबाइल नसतो," ती म्हणाली.

गुंडेरावांनी आत पाहिलं. रेणुका आईबरोबर परसात होती. त्यांनी वर घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजत आले होते, आणि गाणगापुरात या वेळी पुढं आलेल्या हाताला नाही म्हणत नाहीत.